चहाचे कप मोजण्याआधी चहाची वेळ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, चाकणच्या एका कारखान्यात आलटूनपालटून तीन पाळ्यांत काम. दिवसाला आठ-नऊ चहा, रात्रपाळीत जास्तच. हल्ली ॲसिडिटी होते, झोप लागत नाही आणि सुट्टीच्या दिवशी उशिरा उठलं की डोकं ठणकतं. पत्नीला पाचवा महिना, हिमोग्लोबिन ९.४, तीही दोन वेळा चहा घेते. आईला थायरॉईड आणि बीपी. ‘कॅफीन शरीराला घातक असतं असं सगळीकडे वाचतो. चहा पूर्ण बंद करू का? की कॉफीवर जाऊ?’

मी गेली २७ वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत पाळीवर काम करणारे बरेच असतात. त्यामुळे तुमचा दिवस कसा जातो हे मला वेगळं समजून घ्यावं लागत नाही. आधी उत्तर सांगते, मग कारणं. चहा पूर्ण बंद करायची गरज नाही. तुमचं दुखणं कपांच्या संख्येत कमी आणि घड्याळात जास्त आहे. आणि तुमच्या घरात चहाचा सगळ्यात मोठा फटका तुम्हाला नाही, तुमच्या पत्नीला बसत असण्याची शक्यता आहे. तिचं ९.४ तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी वाचताना तिथेच थांबले. म्हणून सुरुवात तिच्यापासून करते.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय, आणि १० च्या खाली गेलं की मध्यम स्वरूपाचा रक्तक्षय. म्हणजे ९.४ हे ‘जरा कमी’ नाही. आपल्याकडे हा आकडा घरोघरी इतका दिसतो की त्याचं कुणाला काही वाटेनासं झालंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्याची कारणं अनेक आहेत, सगळं खापर चहावर फोडणं बरोबर नाही. पण जे कारण उद्या सकाळी, एक पैसाही खर्च न करता दूर करता येतं, ते चहाचं आहे.

इथे दोषी कॅफीन नाही. चहाला जो तुरटपणा असतो तो टॅनिनसारख्या द्रव्यांचा. डाळ, पालेभाजी, बाजरी, नाचणी यांतलं लोह आतड्यात शोषलं जाण्याआधीच ही द्रव्यं त्याला बांधून टाकतात आणि ते तसंच शौचावाटे बाहेर पडतं. जेवणाबरोबर एक कप चहा घेतला तर हे शोषण निम्म्याहून जास्त घटू शकतं, हे प्रत्यक्ष मोजून दाखवलेलं आहे. कॉफीनेही घटतं, चहापेक्षा थोडं कमी. मटण-मासळीतलं लोह यातून बरंचसं सुटतं. पण ज्या घरात मटण रविवारीच शिजतं, त्या घरात बाकीच्या सहा दिवसांचं लोह डाळ-भाजीतूनच येणार ना.

आणि जे भाजीतल्या लोहाचं होतं, तेच गोळीतल्या लोहाचंही होतं. माझ्याकडे भाजीचा गाडा लावणाऱ्या एक बाई यायच्या. हिमोग्लोबिन ८ च्या आत, तीन महिने रक्तवाढीच्या गोळ्या चालू, आकडा जागचा हलेना. गोळी रोज घेते म्हणायच्या आणि खरंच घेत होत्या. रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून दाखवायला आणल्या होत्या. मी म्हटलं, ‘मावशी, घरी घेता तशी गोळी इथे घेऊन दाखवा.’ त्यांनी डाव्या हातात कप धरावा तशी बोटं वळवली, उजव्या हाताने गोळी जिभेवर ठेवल्यासारखं केलं आणि डावा हात तोंडाकडे नेला. पाण्याचा तांब्या त्या सगळ्यात कुठेच नव्हता. पट्टी कुठे ठेवता विचारलं तर म्हणाल्या, ‘चहा-साखरेच्या डब्यामागं. म्हंजी इसरत न्हाई.’ मी एवढंच सांगितलं की पट्टी तिथून उचला, माठावर ठेवा आणि गोळी रात्री झोपताना पाण्याबरोबर घ्या. गोळी तीच, डोसही तोच. दोन महिन्यांनी रिपोर्ट दहाच्या वर गेला. त्या दिवसापासून लोहाची गोळी लिहून देताना ‘घेता का?’ असं मी विचारत नाही, ‘कशाबरोबर घेता?’ असंच विचारते.

तुमच्या घरी आज संध्याकाळी बघा, पत्नीच्या गोळ्यांची पट्टी कुठे आहे. सरकारी दवाखान्यातून किंवा आशाताईंकडून मिळणारी ती लाल गोळी असेल किंवा मेडिकलमधून आणलेली असेल, तिच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास चहा-कॉफी नको. कॅल्शियमची गोळीही चालू असेलच. तीही लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नसते, दोघी एकमेकींच्या आड येतात. एक दुपारी जेवणानंतर आणि एक रात्री झोपताना असं वाटून घ्या. जेवणात लिंबू पिळा, पेरू-आवळा खाऊ दे. क जीवनसत्त्वामुळे लोहाचं शोषण वाढतं. डोस वाढवायचा की इंजेक्शनने लोह द्यायचं, हे तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील, पण गोळी आजवर कशाबरोबर घेतली जात होती हे त्यांना सांगा. नाहीतर ‘गोळ्या लागू पडत नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

आता तिच्या कॅफीनबद्दल. गरोदरपणात कॅफीन शरीराबाहेर जायला जास्त वेळ लागतो, शेवटच्या तीन महिन्यांत तर एरवीच्या दुप्पट-तिप्पट. वारेतून ते बाळापर्यंत पोहोचतं आणि बाळाच्या यकृताला ते मोडता येत नाही. जास्त कॅफीन घेणाऱ्या मातांची बाळं कमी वजनाची असण्याचा धोका वाढतो, म्हणून गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं असं बहुतेक तज्ज्ञ संस्था सांगतात. दोन छोटे कप चहा त्याच्या बरेच आत बसतात. तेवढा तिला घेऊ द्या, फक्त नाश्त्या-जेवणाला चिकटून नको. सकाळी उठल्यावर दोन बिस्किटांबरोबर चहा आणि तास-दीड तासाने पोहे-उपीट, असा क्रम लावला तरी पुष्कळ फरक पडतो.

आता तुमच्याकडे वळते.

आठ-नऊ चहा ऐकायला खूप वाटतात. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली आहे, आणि अमेरिका-युरोपातल्या संस्था निरोगी प्रौढ माणसासाठी ४०० पर्यंत हरकत नाही म्हणतात. चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं. कँटीनच्या मशीनचा तो छोटा कागदी कप किंवा टपरीवरची कटिंग म्हणजे निम्मा कपच, तिथे मी २० ते ३० धरते. घरचे दोन मोठे कप आणि बाहेरचे सात कागदी कप धरले, तर तुमची बेरीज २५० ते ३०० च्या आसपास जाते. काठावर आहात, पण ‘घातक’ म्हणावं असं त्यात काही नाही. अपुऱ्या दिवसांच्या, दीड-दोन किलोच्या बाळांचा श्वास मध्येच थांबतो तेव्हा नवजात शिशू विभागात त्यांना कॅफीनच देतात, औषध म्हणून, काटेकोर मोजून. मोजमाप आणि वेळ सांभाळली तर हे द्रव्य विष नव्हे. (चहात ‘थेईन’ असतं आणि ते कॉफीतल्या कॅफीनपेक्षा सौम्य, असंही सांगितलं जातं. ते एकच द्रव्य आहे. चहा सौम्य वाटतो कारण कपात ते कमी उतरतं.)

मग झोप का उडाली? दिवसभर मेंदू काम करतो तसतसं त्यात ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसलं की आपल्याला पेंग येते. कॅफीनची घडण ॲडिनोसिनशी इतकी मिळतीजुळती असते की ते त्याच जागा अडवून बसतं. थकवा असतोच, त्याची खबर मेंदूला लागत नाही एवढंच. कॅफीन उतरलं की साठलेलं सगळं ॲडिनोसिन एकदम जागा पकडतं. चहानंतर दोन-तीन तासांनी एकदम गळून गेल्यासारखं होतं आणि पुन्हा टपरीकडे पाय वळतात, त्यात याचा वाटा मोठा आहे.

घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीराबाहेर जायला सरासरी पाच तास लागतात. उरलेल्याचं निम्मं जायला आणखी पाच. आता तुमची रात्रपाळी डोळ्यासमोर आणा. मला माझ्या पेशंटांकडून माहीत आहे की पहाटे चार-साडेचारला डोळे मिटायला लागतात, मशीनपुढे उभं राहणं धोक्याचं वाटतं, म्हणून तिथे लागोपाठ दोन कप होतात. सुटताना गेटबाहेर मित्रांबरोबर एक कटिंग. घरी पोचून आईच्या हातचा एक. साडेआठला अंथरुणावर पडता तेव्हा पहाटेचं निम्म्याहून जास्त आणि सातचं जवळजवळ सगळं कॅफीन रक्तात फिरत असतं. त्यात बाहेर ऊन चढलेलं, गल्लीत आवाज चालू. चार तासांत जाग येते, अंग जड असतं, आणि उठल्या उठल्या पुन्हा चहा लागतो. तुम्हाला वाटतं चहा घेतो म्हणून दिवस निभतोय. दिवस इतका जड का जातोय, ते मात्र त्या शेवटच्या चार कपांपाशी येऊन थांबतं.

२०१३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरीही झोप तासाभराहून जास्त कमी झाली. तो डोस मोठा होता, तुमच्या दोन कपांनी तेवढं होणार नाही. पण ‘मला चहा पिऊनही झोप लागते’ असं म्हणणाऱ्यांना मी हा अभ्यास मुद्दाम सांगते. झोप लागणं वेगळं आणि ती पुरेशी, गाढ होणं वेगळं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत १०० निरोगी माणसांना काही दिवस कॉफी प्यायला आणि काही दिवस टाळायला सांगितलं, आणि अंगावर यंत्रं लावून मोजलं. कॉफीच्या दिवशी माणसं हजारेक पावलं जास्त चालली आणि सरासरी ३६ मिनिटं कमी झोपली. चहा-कॉफी काय देते आणि काय घेते, हे या दोन आकड्यांत मला फार स्वच्छ दिसतं.

तेव्हा रात्रपाळीत चहा पुढे ओढा. पाळी सुरू होताना एक, बाराच्या सुमाराला एक, दोनला शेवटचा. त्यानंतर पाणी, ताक, चणे-फुटाणे. पहाटे चारची पेंग शरीराच्या आतल्या घड्याळाची असते. तेव्हा पाच मिनिटं उजेडात, मोकळ्या हवेत चाला, तोंडावर गार पाणी मारा, आणि मध्यंतर मिळत असेल तर १५-२० मिनिटं खुर्चीतच डोळे मिटा. पहिले तीन-चार दिवस जड जातील. त्या दिवसांत सुटल्यावर मोटारसायकल चालवू नका, कंपनीच्या बसने या. दिवसपाळीला नियम आणखी सोपा, दुपारी चारनंतर चहा नाही.

कुणाच्या शरीरात कॅफीन किती वेळ टिकतं यात माणसामाणसांत मोठा फरक असतो. यकृतातलं जे विकर (एन्झाइम) कॅफीन मोडतं ते काहींचं जन्मतःच वेगवान असतं, काहींचं मंद. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये कॅफीन साधारण दुप्पट वेळ टिकतं. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सासिन घेत असाल तर नेहमीच्याच चहाने छातीत धडधड होऊ शकते. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांनाही तेच, कारण ते कॅफीनचंच भावंड. आणि बिडी-सिगारेटचा धूर हे विकर जोरात पळवतो, म्हणून ओढणाऱ्यांना चहाही जास्त लागतो. तुम्ही ओढत असाल-नसाल, पण तुमच्या पाळीतल्या कुणाला तरी हे उपयोगी पडेल म्हणून सांगते. सिगारेट सोडली की काही दिवसांत विकराचा वेग उतरतो आणि पूर्वीच्याच कपांनी रक्तातलं कॅफीन जवळपास दुप्पट होतं. हात थरथरतात, चिडचिड होते, झोप उडते. माणसाला वाटतं सिगारेट सोडल्याचा त्रास होतोय आणि तो पुन्हा पेटवतो. सिगारेट सोडणाऱ्या प्रत्येकाला मी त्याच दिवशी चहा निम्मा करायला सांगते. (मिश्री, तंबाखू, गुटखा यांना हे लागू नाही, हा परिणाम धुराचा आहे.)

सुट्टीच्या दिवशीची डोकेदुखी आता तुमच्या लक्षात आली असेल. रोज सात वाजता चहा घेणारा माणूस अकराला उठतो, तेव्हा शेवटच्या कपाला बारा-चौदा तास झालेले असतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्या कॅफीनमुळे जराशा आवळलेल्या असतात, त्या सैल पडतात आणि डोकं ठणकायला लागतं. चहा घेतला की अर्ध्या तासात थांबतं, हीच त्याची खूण. ऑपरेशनसाठी रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या पेशंटांत आणि कडक निर्जळी उपवास करणाऱ्या आजींमध्ये मी ही डोकेदुखी कितीदा बघितली आहे. चहा एकदम तोडला तर पहिले दोन दिवस ती सगळ्यात जास्त असते आणि आठवडाभर रेंगाळू शकते. सोबत मरगळ, चिडचिड, कामात लक्ष न लागणं. म्हणून चहा एकदम बंद करू नका. तीन-चार दिवसांनी एक कप याप्रमाणे उतरवत या. आणि डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून येता-जाता गोळी घेऊ नका. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत ५० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन असतं, अर्धशिशीच्या काही गोळ्यांत १०० सुद्धा. गोळीच्या मागे गोळी लागते आणि शेवटी गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. तिथून माणसाला बाहेर काढायला मला महिने लागलेले आहेत.

ॲसिडिटीचं सांगते. कॅफीनने आणि चहा-कॉफीतल्या इतर द्रव्यांनी पोटातलं आम्ल वाढतं आणि अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप थोडी सैलावते, म्हणून जळजळ वर येते. पण सगळ्यांनाच असं होत नाही. तुम्हाला होत असेल तर रिकाम्या पोटीचा चहा सोडून बघा, आणि रात्रपाळीत दोन वाजता वडापाव-मिसळ खाऊन त्यावर चहा घेण्याची सवय असेल तर तीही. दोन आठवड्यांत फरक पडायला हवा. पडला नाही तर तपासून घ्या. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. जळजळ जिना चढताना, जड उचलताना, भराभर चालताना सुरू होत असेल आणि थांबलं की थांबत असेल, सोबत घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात ओढ असेल, तर तिला ॲसिडिटी म्हणून घरी बसू नका, त्याच तासाला ईसीजी काढा. काळी डांबरासारखी शौच, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, हेही चहाच्या खात्यात टाकायचं नाही.

साखरेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या वयाच्या माणसाला मी नेमकं तेच सांगते. मशीनच्या मिश्रणात साखर आधीच घातलेली असते, ती कमी करा असं सांगायला तिथे कुणी नसतं. घरच्या कपात दोन चमचे, म्हणजे दहाएक ग्रॅम. नऊ चहांमधून ६० ते ८० ग्रॅम साखर सहज पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. पाळीवर काम, अपुरी झोप आणि एवढी साखर, हे तिन्ही एकत्र आले की चाळिशीत मधुमेह गाठतो आणि ती माणसं माझ्यासमोर खुर्चीत बसलेली असतात. गुळाच्या चहाने यातून सुटका नाही, यकृताला गूळ आणि साखर यांत फारसा फरक कळत नाही. घरचा चहा आधी दीड चमच्यावर आणा, पंधरा दिवसांनी एकवर. जीभ सरावते.

आईसाठी दोनच गोष्टी. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर चहा-कॉफी नाही. कॉफीबरोबर ती गोळी नीट शोषली जात नाही हे पक्कं माहीत आहे, आणि दुधाच्या चहाबाबतही मी तीच काळजी घेते. टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, वर-खाली होत राहतो, डोस वाढवत नेतात आणि मूळ गोष्ट कुणी विचारतच नाही. पहाटे पाचला पाणी प्यायला उठतात तेव्हाच गोळी घ्यायची सवय लावली तर प्रश्न मिटतो. दुसरं, बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. कॅफीनची सवय नसलेल्या माणसाचा दाब एका मोठ्या कपाने पाच-दहा अंकांनी चढू शकतो आणि दोन-तीन तास तसा राहतो. रोज पिणाऱ्यांचं शरीर बरंचसं सरावतं. त्यामुळे बीपी गोळ्यांवर ताब्यात असेल तर दोन-तीन कपांना मी कुणाला मनाई करत नाही. वरचा आकडा १६० च्या पुढेच राहत असेल तर मात्र तो खाली येईपर्यंत कॉफी बंद आणि चहा अगदी थोडा.

कॉफीवर जाण्याबद्दल. साखर न घालता दिवसाला दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे आजार, टाइप २ मधुमेह आणि पार्किन्सन्स कमी आढळतात, हे अनेक मोठ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण हे माणसांच्या सवयी वर्षानुवर्षं पाहून काढलेले निष्कर्ष आहेत. कॉफी पाजली आणि रोग टळला, असं त्यातून सिद्ध होत नाही. आवडत असेल तर प्या, औषध म्हणून सुरू करू नका. आणि हिशेब बदला, कारण ताज्या दळलेल्या कॉफीच्या एका कपात ८० ते १२० मिलिग्रॅम असतात. नऊ चहांच्या जागी नऊ कॉफ्या झाल्या तर तुम्ही खरोखरच धोक्याच्या हद्दीत जाल. कॉफीने कर्करोग होतो ही जुनी भीती जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये बाजूला ठेवली. मात्र त्याच वेळी तिने ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम कुठलंही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण मानलं. भांड्यातून ओतलेला चहा त्याहून बराच गरम असतो. आपल्या आजोबा-पणजोबांची बशीत ओतून पिण्याची रीत या बाबतीत फार शहाणी होती.

एनर्जी ड्रिंकचा डबा, २५० मिलिलिटरचा, त्यात ७५-८० मिलिग्रॅम कॅफीन आणि भरपूर साखर असते. एका डब्याने आभाळ कोसळत नाही. भीती असते ती लागोपाठ तीन-चार डब्यांची, दारूत मिसळून पिण्याची आणि जिममध्ये व्यायामाआधी घेतात त्या पावडरींची. त्यांच्या एकाच चमच्यात २००-३०० मिलिग्रॅम असू शकतं. एका रात्री दोन वाजता बाविशीतला एक मुलगा माझ्याकडे आला, नाडी १४० च्या वर, हात बर्फासारखे, ‘मी मरतोय’ एवढंच म्हणत होता. अशा दोन चमच्यांवर त्याने दोन डबे प्यायले होते. सकाळपर्यंत तो सावरला, पण त्याच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो. घबराटीचे झटके येणाऱ्यांनी, हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आजार असणाऱ्यांनी यापासून पूर्ण लांब राहावं. घरात लहान मूल असेल तर त्याला चहा-पोळी देणंही थांबवा. त्याच्या वाढीच्या वयात लोह आणि भूक दोन्ही लागतात, आणि चहा दोन्ही मारतो.

तर क्रम असा धरा. या आठवड्यात फक्त दोन बदल करा. पत्नीच्या गोळीची वेळ आणि तुमचा पहाटेचा चहा. कप कमी करायचं पुढच्या आठवड्यापासून, साखर त्याच्या पुढच्या पंधरवड्यात. तिचं हिमोग्लोबिन चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. गोळी आत जात असेल तर तेवढ्या दिवसांत साधारण एक ग्रॅमची वाढ दिसायला हवी. दिसली नाही तर वाट बघत बसू नका, दुसरं कारण शोधायचं असतं, आणि पाचव्या महिन्यात त्यासाठी हातात अजून वेळ आहे. रिपोर्ट आला की आकडा आणि गोळी घेण्याची वेळ, दोन्ही मला कळवा.